येळवशीची यादी

लाइटबिलाच्या पाठीवर मी मधोमध रेघ मारली.
इकडे मोठे, तिकडे लहान.
मोठे सतरा, लहान अकरा,
शिवाय वरच्या मजल्यावरची स्वरांगी,
जी परवाच चौदाची झाली
आणि कुठल्याच रकान्यात बसायला तयार नाही.

शेत गुरुनाथभाऊंचं, औशाच्या अलीकडे.
आमचं होतं ते आता प्लॉट नंबर एक ते चाळीस.
ह्यांनी यादी हातात घेतली,
शेताच्या नावापाशी जरा थांबले,
म्हणाले, "खीर किती लिटर धरलीस?"

भज्जी महानंदाची. तिच्या चुलीपाशी
दुसऱ्या कुणी पळी घालायची नाही.
उंडे माझे. तिळाच्या पोळ्या शिवलीलाच्या.
आंबील आदल्या रात्री, बेताची आंबट,
पोरं पितात म्हणून.
त्याखाली नफीसाभाभींच्या अक्षरात:
आमच्यासाठी वेगळं मडकं, झणझणीत आंबट.

लहानांना चेंडू, पतंग, चिंचेला झोका.
विहिरीला कठडा नाही,
तेव्हा विहिरीवर कायम एक माणूस,
अर्ध्या तासाने बदली.
पहिली पाळी दिगंबर कंडक्टरांची,
शिट्टी त्यांची त्यांच्याकडे आहेच.

मोठ्यांना सतरंज्या. मन्मथप्पांना खुर्ची.
पत्ते चालतील, पैसे लावून नाही.
आणि ते दुसरं चालणार नाही,
हे काही मी लिहिलं नाही,
नुसतं विलासच्या बायकोकडे बघितलं.
तिने डोळे मिटून मान हलवली.

"तुरीच्या आड जायचं वय गेलं बाई आता,"
शिवलीला म्हणाली,
म्हणून दोन जुन्या साड्या, चार काठ्या, बादली, मग.
हे कुठल्या रकान्यात घालू?
रेघेवरच आडवं लिहिलं.

मन्मथप्पांना सगळं वाचून दाखवलं.
ऐकून घेतलं त्यांनी, काठी आपटली.
"खुर्ची राहू दे.
झोक्याची दोरी तेवढी
माझ्या वजनाची घ्या."

दिवेलागणीला पोरांनी त्यांची यादी आणून दिली,
गणिताच्या वहीचं पान, समासासकट फाडलेलं:
मडकं डोक्यावर आम्ही घेणार.
पांडवांना चुना आम्ही लावणार.
आंबील पिकात आम्ही शिंपडणार.
रात्री पेटता हेंडगा आम्ही धरणार,
आणि कुणी ओरडायचं नाही.
चेंडूचं नावसुद्धा नाही.

मधली रेघ खोडायला गेले,
तर कागदाला तेल लागलेलं, पेन उठेना.
राहू दिली.

स्वरांगी जिन्यात भेटली.
"येते मी. पण विहिरीवर बसणार,
आणि शिट्टी मला."

राहिलं काय, मीठ, काडेपेटी,
काडेपेटी दरसाल राहते.
मागच्या दारात हे पायरीवर बसलेत,
माळ्यावरचा विळा काढून,
पाणी शिंपडत, दगडावर घासत.
कोपीला कडबा लागेल, म्हणतात.
गुरुनाथभाऊंकडे चार विळे आहेत.
मी काही बोलले नाही.
यादीत लिहिलं: विळा, आपला.