चरकाचे दाते

फुलेवाडी नाक्याच्या पुढं आमची रसवंती.
पाटीवर मीच लिहून घेतलंय:
ताजा, नैसर्गिक, आलं-लिंबू फुकट.

राजारामपुरीत मगदूम डॉक्टरीणबाईंनी
विराजच्या तोंडात छोटा आरसा घातला
आणि बराच वेळ बोलल्याच नाहीत.
वरचे पुढचे चार,
हिरडीपाशी तपकिरी, कडेनं झिजलेले,
तोडलेलं कांडं उन्हात राहिलं
की टोकाला जसं होतं, तसे.

"काय पितो हा?"
मी ताठ मानेनं सांगितलं,
बाटलीतलं रंगीत पाणी आम्ही घरात आणत नाही.
आमचा रसच. डोळ्यांसमोर काढलेला.

"किती वेळा?"
किती ग्लास, असं नाही विचारलं. किती वेळा.

आता वेळा कशा मोजायच्या?
नळीची निळी बाटली, सकाळी दहाला भरलेली.
पोरगं बाकड्याखाली चटईवर.
गिऱ्हाईक आलं, एक घोट.
गेलं, एक घोट.
दुपारी नळी तोंडात तशीच, झोप.
सगळे म्हणायचे, किती गुणाचं लेकरू.

बाई हळूच म्हणाल्या,
"दाताला पाटी वाचता येत नाही, ताई."

रोज रात्री मी चरक धुते.
कढत पाणी, तारेचा ब्रश,
दात्यांच्या फटीफटीतला चोथा काडीनं काढायचा,
न्हाईतर सकाळपर्यंत आंबतंय, मुंग्या लागत्यात.
सहा वर्षांत एक रात्र चुकवली नाही.
ग्रीससुद्धा वेळच्या वेळी.
तेव्हा विराज माझ्या खांद्यावर झोपलेला असायचा,
ओठ चिकट.

एकदा त्याच्या उशीवर मुंग्या आल्या होत्या.
मी उशी झटकली.

रस बंद नाही केला. मशीनचा हप्ता आहे.
फक्त बाकड्यावर साध्या पाण्याचा तांब्या असतो आता.
लहान पोर आलं की सांगते,
घोट-घोट घोळवत बसू नको, एका दमात पी,
मग चूळ भर, तिकडं, गटारीत.
एक बाई हसल्या:
"रसवाली हाईस का डाक्टरीण?"

मधले दोन काढावे लागले.
नवे यायला तीन वर्षं तरी.
विराज त्या फटीतनं शीळ घालायला शिकलाय,
बैलाच्या घुंगरासारखी नाही जमत, नुसती हवा.
रात्री चरक धुवायच्या आधी
मी त्याला कट्ट्यावर बसवते.
"आ कर," म्हणते.
तो आ करतो. ब्रश छोटा आहे,
माझ्या हाताला अजून सवय नाही.