खानापूरची गाडी

रिटायर होऊन दोन वर्षं झाली,
तरी पहाटे पाचला बोटं तिकिटाचं मशीन चाचपतात.
हाताला लागतो पाण्याचा फवारा.

गॅलरीत सात डबे.
आइस्क्रीमचे, चपटे, मंगल कार्यालयाच्या मागून आणलेले,
बुडाला तापल्या दाभणानं भोकं पाडलेली.
दोन बोटं लाल माती,
तिच्यावर रविवार पेठेतला गहू,
रात्रभर भिजवलेला, फडक्यात बांधून मोड आणलेला,
वर ओला पेपर.

पहिला डबा बेळगाव. गाडी लागलीय,
माणूस एक दिसत नाही.
पिरनवाडीला पेपर जरा उचललेला,
खालून कुणीतरी डोक्यानं ढकलतंय.
मच्छे : पेपर काढायचा. पिवळट, गोंधळलेली पाती.
देसूरपासून हिरवं.
प्रभुनगर, इदलहोंड, नुसती रेटारेटी, पुढं सरका, पुढं सरका.
आणि वीतभर उंच
खानापूर.
मी कात्री घेतो. चला, उतरा सगळे.

तुळसाचं रक्त साडेसातावर आलं होतं.
डॉक्टरनी लोहाच्या गोळ्या लिहिल्या.
गव्हांकुराचं मीच विचारलं, तर म्हणाले,
द्या हवं तर, पण गोळी चुकवायची नाही.

खालच्या नीलव्वानं मान वर करून बघितलं.
"एन्री कंडक्टर, दसऱ्याला चार महिने हाईत,
घट आत्ताच बसवलासा?"
"गोधी हुल्लु," मी म्हटलं.
ती हसली. तिची शेळी हसली नाही,
तिनं नीट वास घेतला.

आषाढात देसूरलाच गाडी बंद पडली.
मुळाशी पांढरी लव, कुबट वास.
डबे घासले, गरम पाण्यातून काढले,
फवारा निम्मा केला, पंखा लावला,
पुन्हा बेळगावपासून.

मिक्सरमध्ये घोटभर पाणी, मूठभर पाती,
फडक्यातून पिळून अर्धा कप.
कप तुळसाच्या हातात, चोथा शेळीच्या घमेल्यात.
साडेसहाला शेळी गॅलरीखाली हजर,
एवढी वेळेवर आमची एकही गाडी नव्हती.

एक दिवस छत्री विसरली म्हणून मागं फिरलो.
गॅलरीतून तुळसाचा हात बाहेर,
हातात कप, कप पालथा,
खाली घमेलं.

"कधीपास्नं?"
"पहिल्या दिवसापास्नं."
"कडू लागतंय?"
"कडू असतं तर प्याले असते ओ. गोड हाय ते.
गवत गोड लागालं की भ्या वाटतंय,
मी कोण झाले म्हणून."

पुढच्या रिपोर्टात दहा आलं.
डॉक्टर म्हणाले, गोळ्या.
नीलव्वा म्हणाली, हुल्लु.
शेळीच्या अंगावर तेल लावल्यासारखी चमक होती,
तिला कुणी विचारलं नाही.

त्या रात्री मी गहू भिजवला नाही.
डबे एकात एक घालून कोपऱ्यात ठेवले.
दिवा मालवल्यावर अंधारातनं तुळसा बोलली :
"उद्या बेळगावला गाडी लागणार न्हाई व्हय?"
"पिणार कोण?"
"पितंय कोण म्हणून इचारलं काय मी?
पहाटे तुम्ही थांबे सांगालासा, ते ऐकतो मी पडून."
एकतीस वर्षं त्या रूटवर होतो.
माझ्या गाडीत ती एकदाही बसली नव्हती.

उठून गहू भिजत घातला.

कापलेला एक डबा मात्र मातीसकट तसाच राहिला होता,
शेळीला द्यायचा म्हणून.
चार दिवसांनी त्यातून पुन्हा पाती आली,
विरळ, फिकी, चवीला जरा उतरलेली.
मी हाक दिली, लोंडा.
तुळसा दारात येऊन उभी.
पदरात हात पुसला, कप घेतला,
दोन घोट प्याली, तोंड वाकडं केलं,
तिसरा घोट घ्यावा की नाही म्हणून
खाली शेळीकडं बघत राहिली.