रुमालाखालचा भाव

शाळेतली माझी खोली म्हणजे पूर्वीचं कोठीघर.
भिंतीवर खांद्याच्या उंचीला महापुराची रेघ,
दोनदा रंग दिला, तरी ओल तिथूनच डोकावते.
दारावर पाटी : मानसतज्ज्ञ. शेवटचं अक्षर उडालंय.
मुलं मला ठोकळ्यांच्या बाई म्हणतात.
जी म्हणू शकतात ती.

सोमवारी मलकारी आला. वय नऊ.
बाप बिराप्पा, सांगलीच्या मार्केट यार्डात हमाल,
नखं पिवळी, कानाच्या पाळ्या पिवळ्या,
खुर्चीला हळद लागेल म्हणून दारातच उभा.
आईनं विचारलं, सगळ्या विचारतात तेच,
"कवा बोलंल?"
मी वहीत तारीख लिहिली. सगळ्यांना करते तेच.

ठोकळे मांडले, लाल बाजू वर. घड्याळ लावलं.
मलकारीने ते रचले नाहीत.
एकेक उचलून कानाशी नेला,
ऐकला, खाली ठेवला.
नवव्याशी जरा जास्त थांबला.
नियमावलीत याला गुण नाहीत.
मी शून्य लिहिलं, आणि शेजारी पेन्सिलीने,
खोडता येईल असं :
नवव्यात काय?

अफशीन मनगट चावते तेव्हा तिला न धरता
तिच्याजवळ बसायचं, हे माझं काम.
कुणाची आजी अंगारा लावून धाडते, तो पुसायचा नाही.
घोडकेबाई जिन्यात रडतात, त्यांना चहा.
आईबापांना सांगायचं की यात कुणाचं पाप नाही,
आणि सांगताना खाली बघायचं नाही.
महिनाअखेर एक चौकट भरायची : बुद्ध्यांक.
त्यावर प्रमाणपत्र, त्यावर एस.टी.चा पास.
आकडा कमी पडला तर घराला चार पैसे,
जास्त पडला तर चारचौघांत मान.
त्यांना दोन्ही हवं असतं.
माझ्याकडे चौकट एकच.

चौथ्या की पाचव्या खेपेला
उकाड्यानं मी ओढणी काढून टेबलावर ठेवलेली.
मलकारीने तिच्याखाली हात सरकवला
आणि थांबला. माझ्याकडे न बघता.
मी चित्रं दाखवली : पाणी, संडास, घर.
तो थांबलाच.
दारातून बिराप्पा हळू म्हणाला,
"हात घाला की, बाई. सौदा करतोय त्यो."

मग त्याने सांगितलं :
त्याच्या आज्याच्या काळात भाव मोठ्यानं बोलत नसत.
रुमालाखाली बोटं धरायची,
भोवती शंभर माणसं,
आणि ठरलेलं दोघांनाच ठाऊक.
"रात्री आमी दोघं खेळतो.
भाकरी किती पायजेत, मला तसंच कळतं."
जरा थांबून,
"ह्याला बोलणं धरत्यात व्हय, बाई?"

मी हात घातला.
एक बोट. मग तीन. मग सगळं सोडून
अख्खा पंजा, घट्ट.
भाव कशाचा, मला कळेना.
आपली मी दोन बोटं धरली.
तो हसला नाही. घासाघीस केली.
चार.
मी तीन.
चार.
मी चार.
तेव्हा हात काढून घेतला आणि चालू लागला,
सौदा पटला की माणूस निघतो तसा.

बारा वर्षं मी मुलांना मोजतेय.
माझा भाव कुणी केला तो पहिल्यांदाच.

चौकटीत आकडा लिहिला. तो लिहावाच लागतो.
बिराप्पाच्या प्रश्नाला अर्जात जागा नव्हती,
पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं : होय, धरतात.
वर कुणी उलटून बघेल असं नाही.

संध्याकाळी दौलतमामा झाडायला आला तेव्हा
मी नववा ठोकळा कानाशी धरून बसले होते.
"काय वाजतंय त्यात?"
आत बारीक काहीतरी सरकत होतं.
पुराच्या वर्षी शिरलेली वाळू असावी.
इतकी वर्षं मी तो नुसता
लाल बाजू वर करून मांडत आलेय.