तीन सुरांपुरतं गाणं

रविवारची रात्र. लुइस्टन, मेन.
बाहेर बर्फ ढकलणाऱ्या गाडीचा खरखराट,
आत जेवणाच्या टेबलावर गाण्यांची पुस्तकं
आणि पान बावीसवर वरणाचा डाग.

मला हवंय एक गाणं
ज्यात तीनच सूर असतील: प, ग आणि ध.
इथे गंधाराला ‘मी’ म्हणतात.
पहिलीची एकोणीस मुलं तळहात पालथा धरून
एका सुरात ‘मी’ म्हणतात
आणि त्यातला मी कुणाचाच नसतो.
बारा वर्षं झाली, मला अजून ऐकू येतो.

हे बेडकाचं, छान आहे,
पण तिसऱ्या ओळीत निषाद घुसतो
चपला न काढता.
हे होडीचं: उडी फार लांब,
सहा वर्षांच्या गळ्याला ती नदी झेपायची नाही.
हे सुरांना अगदी नेमकं, पण पूर्वी
ते कुणाला हिणवायला गात
हे कळल्यापासून पानाला चिमटा लावलाय.
अकरा वाजता सापडलं एक, कोल्ह्याच्या शेपटीचं.
प प ग, ध प ग.
मी दिवा मालवला.

सोमवार, दहा वीस.
फळ्यावर पाचाऐवजी दोनच रेघा, चुंबकाचे लाल गोळे.
मी शब्दांशिवाय गुणगुणले.
ओडेट थिबोडो फिस्सकन हसली, मग ग्रेडी,
मग मागची अख्खी रांग,
आणि सगळ्या माना वळल्या अब्दिरिझाककडे.
कानटोपी डोळ्यांवर ओढत तो म्हणाला,
‘हे येतं मला. जेवताना रोज माझ्यावर म्हणतात.’

मुलं चिडवतात ती याच तीन सुरांत.
कॉलेजच्या परीक्षेत यावर मी
पानभर उत्तर लिहिलं होतं.
चांगले गुण मिळाले होते.

मी गोळे काढून घेतले. एक निसटला,
घरंगळत कपाटाखाली गेला.
घंटेला अजून सोळा मिनिटं.
काहीच सुचेना, म्हणून विचारलं:
घरी तुम्हाला हाक कशी मारतात?

ओडेटची आई गाडीचा हॉर्न वाजवते.
ग्रेडीला कुणी हाक मारत नाही,
त्याच्या भावाला मेसेज येतो.
अब्दिरिझाक बराच वेळ टोपीच्या आत.
मग तीन मजल्यांच्या जिन्यातून मावशी बोलावते तशी
त्यानं स्वतःच्याच नावाची हाक दिली:
पंचमावर लांबलेली, धैवताला जराशी शिवून
गंधारावर हलकेच टेकलेली.

‘परत,’ मी म्हटलं.
ग्रेडीनं करून पाहिलं, शेवट तुटला.
‘तिथे घाई नाही करायची,’ अब्दिरिझाक म्हणाला,
‘जेवण झालेलं असतं तयार.’

वहीत लिहिलं: कोल्हा पुढच्या वर्षी बघू.
त्याखाली: हाक, जिन्यातली. प ध ग.

दुपारी जेवणाच्या हॉलबाहेर
मी उगाचच रेंगाळले, चहाचा पेला हातात.
आतून आलं ते जुनंच, प प ग, ध प ग,
नेहमीइतकंच मोठ्यानं.
मग, ट्रे आपटण्याच्या आवाजात,
कुणीतरी त्याला हाक मारली.
शेवट चुकला होता,
पण घाई केलेली नव्हती.