खटका

एकतीस वर्षं मी लोकांचे मीटर वाचले,
सांगे, केपे, रिवण, नेत्रावळी.
कुत्रं भुंकायचं, मी टॉर्च मारून काचेत बघायचो
काळ्या खुणेची ती चकती
कुठल्या घरात किती घाईत फिरते ते.

म्हणून तुम्ही हसाल,
की निवृत्तीनंतर कुळागरातल्या या घरात
मीच आणून ठेवलाय
सगळ्यात जास्त युनिटं खाणारा
गोल खांद्यांचा, लोण्याच्या रंगाचा फ्रिज.
कुडचड्याच्या एका पोदेरानं भट्टी मोडली तेव्हा घेतला.
चार माणसं, दोन बांबू, पाटावरचा साकव,
आणि पलीकडे शेवंती, श्वास धरून.

मूठ खाली ओढायची, मग खटका सुटतो
जुन्या मोटारीच्या दारासारखा.
थंडी आधी पावलांवर पडते.
आगळाच्या बाटल्या किणकिणतात.
बर्फाच्या ट्रेची तरफ उचलली
की असा कडाका होतो
की चुलीपाशी निजलेलं मांजर
जागा बदलतं.

टोस्टरला दोन्ही बाजूंनी पंख.
चिरलेला उंडो त्यात ठेवून
समोर उभं राहावं लागतं,
कारण वेळ त्याला कळत नाही, तो आपल्याला कळायचा असतो,
आधी नाकाला.
पहिल्या आठवड्यात अकरा उंडे जाळले मी.
शेवंती म्हणाली, एवढ्या वर्षांत
तुमचं लक्ष कुठे असतं ते आज कळलं.

मिक्सरची वायर कापडी, मुंगसाच्या रंगाची.
ओल्या हातानं शिवलात
तर कोपरापर्यंत झिणझिण्या.
लपवत नाही मी हे. जुनं काही काही चावतं.
खात्याचा माणूस, अर्थिंग स्वतः घातलं:
फणसाखाली खड्डा, तांब्याची पट्टी,
कोळसा, मीठ,
वरून शेवंतीनं टाकलेली दोन जास्वंदं.

मुलीनं पर्वरीहून एक पांढरं यंत्र धाडलंय,
थेंबभर तेलात बांगडे तळणारं.
तळतं. चांगले तळतं.
पण मी ते उलटं करून पाहिलं
आणि एक स्क्रू सापडला नाही.
उद्या ते बिघडलं
तर मी त्याला कुठून विचारू, काय झालं?

चवथीच्या आदल्या आठवड्यात फ्रिज गप्प झाला.
तेव्हा कळलं, इतके दिवस तो बोलत होता
पाटाच्या पाण्यात आवाज मिसळून.
नारळाचा रस, मोदकांचं सारण, तिरफळं घातलेलं हुमण,
सगळं शेजारच्या घरी पोचवलं.

रुझार मिस्त्री आला सावर्ड्याहून,
चष्म्याला दोरा, पिशवीत तीन पाने.
दाराला कान लावून बराच वेळ उभा राहिला.
म्हणाला, ‘मेलो ना तो. मातसो विसव दी ताका.’
चहा प्यायला. दुसरा प्यायला.
मग मागचा पत्रा काढला,

आणि पत्र्याच्या आतल्या अंगाला, पेन्सिलीनं,
एकाखाली एक, वेगवेगळ्या हातांनी:
गॅस भरला, मार्च ६८.
तेल, ७४. आवाज येतो पण राहू दे.
पाऊस, दिवे नाहीत, उद्या येतो.
तो उद्या कधी आला, ते कुठे लिहिलेलं नव्हतं.
रोमी लिपीतल्या एका ओळीवर
रुझारचं बोट थांबलं.
मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही.

रिले घासला त्यानं,
जुन्या चपलेच्या रबराचे चार तुकडे
कंप्रेसरखाली सारले,
आणि मला म्हणाला, दाब.

माझ्या भिंतीवरचा मीटर आता नवा,
आकडे लुकलुकवणारा, बिनचकतीचा.
तरी फ्रिज हुंकारला तेव्हा
मला ती दिसली,
काळी खूण पुढे येताना.

पत्रा लावण्याआधी रुझारनं
कानामागची पेन्सिल माझ्याकडे दिली.
आता मी काय लिहिणार?
तारीख घातली.
खाली, सवयीनं,
रीडिंग.