तगरची रंगारीण

भरुकच्छहून गाडी आली, बावीस दिवसांनी.
एक बैल लंगडा,
आणि गाठोड्यात मागल्या साली धाडलेलं माझं निळं कापड,
घडीही न मोडलेलं.

सोबत धमरखिताचं पत्र.
नागिल वाचतो, मी हात सुकवते.
नीळ कोपरापर्यंत चढलीय,
आता सरणावरच उतरेल.

"रोमकांनी देव बदलला," नागिल म्हणतो.
बदलला म्हणजे? बैल बदलावा तसा?
"आधी राजानं. मग हळूहळू सगळ्यांनी."
हं. हे कळलं.

देवळांतला जुना अग्नी विझवला म्हणे.
गुग्गुळाचं गिऱ्हाईक अर्ध्यावर आलंय.
हस्तिदंताच्या उघड्या बायांना कुणी विचारत नाही,
ईसिलानं वर्षभर कोरलेल्या सहाजणी
बंदरातल्या वखारीत भुश्यात निजल्यात.
मेलेले जमिनीत निजवतात, पुन्हा उठायचेत म्हणून.
कुणी एक श्रीमंत विधवा
मोती विकून भिकाऱ्यांना जेवू घालते,
दुसरा नवरा नको म्हणते, आणि लोक तिच्या पाया पडतात.
मालक न् गुलाम एकाच भाकरीचा तुकडा मोडतात.

मग गुलाम सुटले?

नागिल पान उलटून पाहतो.
"तसं लिहिलेलं नाही."

खाली मागणी: रंग नको.
पांढरं धाडा, होईल तेवढं.
पाण्यात उतरून वर येणाऱ्याला नेसवायचंय.

अकरा रांजण माझे.
सासूच्या सासूनं पुरलेले, गळ्यापर्यंत मातीत.
दूरच्या कुणा राजाला स्वप्न पडतं
आणि इथं माझी नीळ नासते.
मी शिव्या दिल्या. राजाला, पाण्याला, धमरखिताच्या आईला.

नागिल वाचतच होता, खालच्या आवाजात:
"उकिरड्यावर टाकलेली पोरं
ही माणसं उचलून घरी नेतात. मुलीसुद्धा."

पुन्हा वाच.

"मुलीसुद्धा."

मला तेरणेच्या लव्हाळ्यातून
एका रंगारणीनं उचललं होतं, नाळेसकट.
तिनं कुठला देव बदलला नव्हता.
तिला रांजण ढवळायला हात हवे होते, असं ती म्हणायची,
आणि म्हणताना माझ्याकडं बघायची नाही.

सकाळी रिठ्याचं पाणी उकळलं.
कोरी ठाणं नदीवर आपटली, वाळूवर पसरली.
पलीकडं विटांचा चैत्य दिसतो.
हल्ली तिथं दिवा एकाआड एक दिवस लागतो.
परवा कुणी तरी बोललंच,
भिंती चांगल्या आहेत, आत दुसरा देव बसेल.

एका ठाणाच्या काठाला माझा अंगठा लागला.
निळा, रेषांसकट.
नागिल म्हणाला, धुऊन टाक, परत येईल.
मी घडी आतल्या बाजूला घातली.

गाडी भरली.
लंगडा बैल बदलला.