थांबा म्हणायचा प्रयोग

ग्रिम्सबीत, मेथडिस्ट चर्चच्या मागच्या हॉलात
मंगळवारी संध्याकाळी आम्ही एक भिंत रंगवत होतो.
फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर चहाचं पाणी,
कोळशाची पूड, आणि स्पंजने थोपटून थोपटून
कोपऱ्यातून वर चढणारी बुरशी.
आयोनेला म्हणाली, इतकी सुबक नको गं,
आमच्याकडची मेली अशी नक्षीदार नसते.

ग्लेनिसबाई आमच्या दिग्दर्शक. शाळेतून निवृत्त, हातात काठी.
म्हणाल्या, मँडी, साहेब तू हो.
मी मंदाकिनी. दिवसभर हेडसेट लावून
सरकारी घरांच्या दुरुस्तीच्या तक्रारी घेते.
मला संहिता लागली नाही.
अकरा वर्षांचं पाठांतर होतं.

तिसरी घंटा नव्हती. किटलीचं बटण टक्क करून उडालं
तेव्हा लोक खुर्च्यांवर टेकले,
कोट न काढता, कारण हीटर एकच.

मी म्हणाले, तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.
हॉल हसला.
मी म्हणाले, ही गळती नाही, ही तुमचीच वाफ.
भात झाकून शिजवा. कपडे घरात वाळवू नका.
माणूस रात्रीतून पेलाभर पाणी सोडतो श्वासातून;
चार माणसं, एक खोली,
तुम्हीच हिशेब करा.
आता कोणी हसलं नाही.
कराडला शाळेच्या गॅदरिंगात मी वडाचं झाड होते.
माझ्यासाठी कुठलं सभागृह
इतकं चिडीचूप कधी झालं नव्हतं,
आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

खेळाचा नियम असा :
ज्याला पटत नाही त्याने "थांबा" म्हणायचं,
वर यायचं, भाडेकरूचा स्वेटर चढवायचा
आणि सुचेल ते करून दाखवायचं.

आधी वॉल्टर आला, मासेमारीच्या बोटीवर जन्म गेलेला.
टेबलावर मूठ आपटली.
मी म्हणाले, आवाज चढवलात तर फोन ठेवावा लागेल.
मग टेंडाई. फोटो, तारखा, डॉक्टरची चिठ्ठी,
सगळं फाइलला लावलेलं.
मी म्हणाले, हा फॉर्म जुना आहे.
मी जिंकत होते.

मग शेवटच्या रांगेतून "थांबा" नाही,
एक खोकला आला.
खोकल्यामागून एक बाई.
तिने स्वेटर घातला नाही. तिच्या कोटालाच तो वास होता.
समोरची खुर्ची उचलून तिने माझ्या शेजारी ठेवली
आणि बसली. आता आम्ही दोघी
पुठ्ठ्याच्या भिंतीकडे बघत होतो.
म्हणाली, रात्री आम्ही पलंग मधोमध ओढतो,
भिंतींपासून दूर, बेटासारखा.
धाकटा विचारतो, मी कमी श्वास घेतला तर चालेल का?
मग माझ्याकडे वळून, हळूच :
मी काय सांगू त्याला, मॅडम?

मी विंगेकडे पाहिलं. विंग कुठली,
कोट टांगायच्या खुंट्या होत्या.
ग्लेनिसबाईंची काठी हलली नाही.
हा आवाज मी दोनदा ऐकला होता,
मार्चमध्ये, आणि पुन्हा ऑगस्टमध्ये.
तिने माझा ओळखला असणार
पहिल्याच वाक्याला.

मग चहा झाला. आल्याची बिस्किटं.
भिंतीची घडी कपाटामागे गेली.
क्रांतीबिंती काही झाली नाही.
तिची खोली अजून ओली आहे.

बुधवारी नऊला हेडसेट लावला.
फॉर्मवर एक चौकट असते, "कारण".
पर्यायांत "भाडेकरूची राहणी" सगळ्यात वर,
बोटाला सवयीचं.
मी खाली गेले, आणखी खाली, "इतर" उघडलं.
लिहिलं : भिंत.

दोनदा परत आला. दोनदा तेच लिहिलं.
तिसऱ्यांदा सुपरवायझर स्वतः येऊन
टेबलासमोर उभा राहिला.

मी शेजारची खुर्ची
त्याच्यासाठी ओढली.